स्वेटरचा पॅटर्न आणि टेस्ट निटिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतः बसवलेला स्वेटर पॅटर्न म्हणून लिहून काढलाय, आता लोकांच्या हातात देण्याआधी काय करायचं, असं मला पुण्यातल्या विणणाऱ्या मैत्रिणी सतत विचारतात. इथे फक्त अंगात घालायच्या कपड्यांचा विचार केला आहे: स्वेटर, कार्डिगन, बिनबाह्यांचं जाकीट, सुती टॉप. मफलर दोन इंच जास्त रुंद झाला तर कोणाचं काही अडत नाही. स्वेटर दोन इंच चुकला तर तो कपाटात पडून राहतो आणि विणणारीचे दोन महिने वाया जातात. म्हणून हा सगळा खटाटोप.

टेस्ट निटिंग म्हणजे नेमकं काय?

पॅटर्न प्रसिद्ध करण्याआधी तो वेगवेगळ्या मापांच्या विणणाऱ्यांना द्यायचा. त्यांनी तो लिहिलाय तसा विणायचा आणि कुठे अडलं, काय समजलं नाही, अंगावर कसा बसला, लोकर किती लागली ते कळवायचं. लोकर सहसा टेस्टरची असते आणि स्वेटरही तिचाच राहतो.

सॅम्पल निटिंगशी याची गल्लत करू नका. सॅम्पल विणणारीला तुम्ही लोकर देता, मजुरी देता आणि तयार स्वेटर फोटोसाठी तुमच्याकडे येतो. तिच्याकडून सुबक विणकाम हवं असतं. टेस्टरकडून तुमच्या लिखाणाची परीक्षा हवी असते. ही दोन कामं एकाच व्यक्तीकडून करून घेतली की दोन्ही अर्धवट होतात.

मी स्वतः विणून पाहिलाय, छान बसलाय. मग दुसऱ्यांना कशाला त्रास?

तुम्ही तुमच्या मापाचा विणलात, तुमच्या हाताने, आणि खरं सांगायचं तर पॅटर्न न वाचता. कागद समोर असला तरी स्वेटर तुमच्या डोक्यात आधीच तयार असतो, त्यामुळे कागदावर नसलेलं वाक्यही तुम्हाला दिसतं.

उदाहरण घ्या. पाठीचे 98 टाके आहेत आणि तुम्ही लिहिलंय, ‘मुंढ्यासाठी दोन्ही बाजूंना एक-एक टाका कमी करा. ही घट दर दुसऱ्या ओळीत पाच वेळा करा.’ एक बाई पहिली घट धरून पाच वेळा करते, तिच्या सुईवर 88 टाके उरतात. दुसरी पहिली घट करते आणि मग आणखी पाच वेळा करते, तिचे उरतात 86. दोघींनीही वाक्य बरोबरच वाचलंय. खांद्याला पोचल्यावर दुसरीचे टाके कमी पडतात आणि ती उसवत बसते. तुम्हाला हे कधीच कळलं नसतं, कारण तुम्हाला 88 हवेत हे तुम्हाला ठाऊक होतं. दुरुस्ती एका ओळीची आहे: ‘ही घट दर दुसऱ्या ओळीत आणखी 4 वेळा करा. एकूण 5 घटी झाल्या, 88 टाके उरले.’

दुसरी हमखास अडणारी जागा म्हणजे ‘त्याच वेळी’. पुढच्या भागात मुंढ्याची घट चालू असताना गळ्याची घट सुरू करायची असते. गळ्याचा परिच्छेद पुढच्या पानावर असेल तर निम्म्या जणी मुंढा संपवून मग गळ्याकडे वळतात. ‘आता पुढचे दोन परिच्छेद एकत्र वाचा’ असं मुंढ्याची घट सुरू होण्याच्या आधी ठळक लिहावं लागतं.

टेस्टरना देण्याआधी पॅटर्न किती तयार असायला हवा?

जवळजवळ छापायच्या अवस्थेत. सगळ्या मापांचे आकडे भरलेले हवेत, तयार कपड्याची मापं हवीत (छाती, लांबी, बाहीची लांबी, दंडाचा घेर, मुंढ्याची खोली), मापं दाखवणारी साधी आकृती हवी, धुतल्यानंतरची वीण (10 सेंटिमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी बसतात) हवी आणि लोकरीचा अंदाज मीटरमध्ये हवा. ‘बाहीचं नंतर टाकते’ असं म्हणून दिलेला पॅटर्न हा पॅटर्न नव्हे.

पहिल्या पानावर शब्दांची यादी द्या. दोन टाके एकत्र विणून एक करण्याला पुण्यातच कोणी ‘दोनाचा एक’ म्हणतं, कोणी ‘जोडटाका’. तुम्ही कोणता शब्द कशासाठी वापरलाय आणि कमी केलेला टाका उजवीकडे झुकतो की डावीकडे, हे तिथेच सांगून टाका.

टेक एडिटर आधी की टेस्टर आधी?

टेक एडिटर आधी, नेहमी. ती विणत नाही, ती हिशेब तपासते: टाके भागिले वीण बरोबर छाती येते का, मुंढ्याच्या ओळी बाहीच्या माथ्याशी जुळतात का, सगळ्या मापांची बेरीज-वजाबाकी लागते का. हे काम पैसे देऊन करून घ्यायचं असतं. बेरजेतली चूक शोधायला टेस्टरचे सहा आठवडे खर्ची घालणं मला मान्य नाही. टेक एडिटर परवडत नसेल तर निदान सगळे आकडे एक्सेलमध्ये सूत्रांनी मांडा आणि आकड्यांची सवय असलेल्या दुसऱ्या कोणाला तरी ते पूर्ण तपासायला लावा. घरात सी.ए. असेल तर तोही चालेल, विणकाम यायची गरज नाही.

किती टेस्टर लागतात?

प्रत्येक मापाला किमान एक, जमल्यास दोन. नऊ मापं असतील तर बारा-पंधरा जणी घ्याव्यात, कारण काही जणी मधेच थांबतात हे गृहीतच धरायचं.

छोट्या आणि मधल्या मापांना हात वर करणाऱ्या पुष्कळ असतात. 48 इंच छातीच्या पुढे कोणी मिळत नाही म्हणून ती मापं तशीच छापून टाकायचा मोह होतो. तसं करू नका. मोठ्या मापांनाच चाचणीची सगळ्यात जास्त गरज असते, कारण शरीर सगळीकडे सारख्या प्रमाणात वाढत नाही. छाती 36 ची 52 झाली म्हणून खांदा त्याच पटीत रुंद होत नाही, पण दंड मात्र बराच वाढतो. निव्वळ गुणाकार करून काढलेल्या मापात खांदे दंडावर उतरतात आणि बाही काखेत काचते. मोठ्या मापाच्या बाईला दुकानात तयार कपडा बसत नाही म्हणून तर ती विणायला बसते. तिथेही तिला न तपासलेलं माप मिळालं तर काय उपयोग? टेस्टर मिळेपर्यंत थांबा, मुदत वाढवा, पण त्या मापाचा एक तरी स्वेटर अंगावर चढलेला बघा.

क्राफ्ट यार्न कौन्सिल या अमेरिकेतल्या लोकर उद्योगाच्या संघटनेच्या तक्त्यात बायकांचं मीडियम म्हणजे 36 ते 38 इंच छाती आणि लार्ज म्हणजे 40 ते 42. सुरुवातीला तो तक्ता चांगला आधार आहे. पण आपल्याकडच्या टेस्टरची मापं मागवताना फक्त छाती विचारू नका. दंडाचा घेर, खांद्याची रुंदी, पाठीची लांबी आणि उंचीही घ्या. एकाच 38 च्या दोन बायकांना एकच मुंढा बसेलच असं नाही.

पुण्यात टेस्टर कुठे मिळतील?

जगभरातल्या विणणाऱ्या 2007 पासून रॅव्हलरी या विणकामाच्या संकेतस्थळावर आहेत आणि तिथे टेस्टिंगसाठीच चालवलेले गट आहेत. इंग्रजी पॅटर्न असेल तर तिथे मागणी टाका.

मराठी पॅटर्नसाठी मात्र माणसं गाठावी लागतात. सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप, महिला मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, तुळशीबाग-रविवार पेठेच्या भागातली लोकरीची दुकानं. दुकानदाराला विचारा की दर महिन्याला कोण लोकर नेतं, तो नावासकट सांगतो. जून महिन्यात सार्वजनिक ठिकाणी बसून विणण्याचा दिवस जगभर साजरा होतो, 2005 पासून. त्या निमित्ताने एखाद्या बागेत चार जणींना बोलावलंत तर चौघींच्या ओळखीने आणखी दहा मिळतात. पुरुषही विणतात, त्यांना आवर्जून विचारा. पुरुषी मापाचा स्वेटर तपासायला तेच हवेत.

परदेशात राहणाऱ्या नात्यातल्या मुली-सुनांना विसरू नका. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहा-बारा अंश असतात आणि दुपारी पारा तिशीला टेकतो, त्यामुळे इथली टेस्टर स्वेटर दिवसभर अंगात ठेवून बघू शकत नाही. ज्या मुलीला तो सकाळपासून रात्रीपर्यंत घालावा लागतो, ती सांगते की कोपराला फुगा येतो, बसल्यावर पाठ वर चढते, कोटाखाली बाही गोळा होते.

चाळीस वर्षं विणणाऱ्या काकू उत्तम टेस्टर असतील ना?

उत्तम विणणाऱ्या असतील. टेस्टर म्हणून त्यांना थोडं तयार करावं लागतं, आणि मला या पानावर सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच.

ज्या पिढीने घरच्या घरी सगळ्यांचे स्वेटर विणले, ती कागद वाचून विणत नव्हती. छातीला वीत लावली, टाके घातले, मुंढा आला की चार टाके बंद केले. हात सगळं जाणतो. अशा हाताला चुकीचा पॅटर्न दिला तर तो चूक दुरुस्त करून पुढे जातो, आणि दुरुस्ती केल्याचं त्या बाईच्या लक्षातही राहत नाही. स्वेटर सुरेख येतो. काकू फोनवर सांगतात, ‘छान आहे गं पॅटर्न, काही अडलं नाही.’ आणि पॅटर्नमधली चूक जशीच्या तशी छापली जाते.

मागे कोथरूडमधल्या अशाच एका काकूंनी विणलेलं कार्डिगन माझ्याकडे आलं. समोरच्या पट्टीवर सहा काजी अगदी सारख्या अंतरावर. पॅटर्नमध्ये दिलेल्या ओळींच्या अंतराने गेलं तर शेवटचं काजं गळ्याच्या पट्टीत घुसायला हवं होतं. विचारलं तर म्हणाल्या, ‘अगं, बटण कुठे यायला हवं ते दिसतंच की. मी पट्टी मोजली आणि वाटून घेतलं.’ त्यांनी ते चूक म्हणून सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या दृष्टीने ती चूकच नव्हती, ते नेहमीचं विणकाम होतं. पण विणायला लागून जिला दुसरंच वर्ष आहे, ती तिथे रडकुंडीला आली असती.

म्हणून अनुभवी टेस्टरना आधीच स्पष्ट सांगायचं: तुम्हाला चुकीचं वाटलं तरी आधी लिहिलंय तसंच करा, किंवा तिथे थांबून मला कळवा. कागदावर पेन्सिलीने खूण करा, ‘इथे मी माझं केलं.’ ही एक खूण मला दहा कौतुकांपेक्षा मोलाची वाटते. सोबत एक-दोन नवख्या टेस्टरही घ्या. त्या प्रत्येक शब्दाला अडतात आणि तुम्हाला नेमकं तेच हवं असतं.

टेस्टरची वीण जुळत नाही. तरी विणू द्यायचं का?

नाही. आधी नमुना (वीण मोजण्यापुरता विणलेला छोटा चौकोन), मग स्वेटर, यात सूट नाही.

हात घट्ट असतो, सैल असतो, आणि त्याचा परिणाम वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. पॅटर्नची वीण 10 सेंटिमीटरमध्ये 20 टाके आहे आणि छातीचा पूर्ण घेर 200 टाक्यांचा, म्हणजे 100 सेंटिमीटर. टेस्टरचे 10 सेंटिमीटरमध्ये 21 टाके बसत असतील तर तोच घेर 95 सेंटिमीटर होतो. 19 बसत असतील तर 105. एका टाक्याचा फरक, आणि दोघींच्या स्वेटरमध्ये दहा सेंटिमीटरचं अंतर. असा स्वेटर ‘घट्ट झाला’ म्हणून परत आला तर दोष पॅटर्नचा की हाताचा, हे सांगायला काही मार्गच उरत नाही.

नमुना निदान 15 सेंटिमीटर चौरस विणायला सांगा, कडेचे टाके सोडून मधल्या 10 सेंटिमीटरमधले टाके आणि ओळी मोजायच्या. स्वेटर जसा धुणार तसाच नमुना धुवायचा, सपाट वाळवायचा, मग मोजायचं. वीण घट्ट आली तर जाड सुई, सैल आली तर बारीक.

ओळींची वीण बहुतेक जणी सोडून देतात. पॅटर्न ‘इतके सेंटिमीटर होईपर्यंत विणा’ असं सांगत असेल तर चालून जातं. पण गळ्याकडून खाली विणायच्या रॅग्लानमध्ये (गळ्यापासून काखेपर्यंत तिरक्या रेषेत बाह्या जोडलेला स्वेटर) सगळं ओळींवर चालतं. 10 सेंटिमीटरमध्ये 28 ओळी धरून 56 ओळींचा योक (गळ्यापासून काखेपर्यंतचा भाग) लिहिला तर खोली 20 सेंटिमीटर येते. टेस्टरच्या 30 ओळी बसत असतील तर ती पावणेएकोणीसच्या आत राहते आणि बाही काखेत रुतते. टाके जुळूनही हे होतं. त्यामुळे दोन्ही आकडे मागवा, आणि ओळी जुळत नसलेल्या टेस्टरला पॅटर्न बदलायला न सांगता ते फक्त नोंदवून ठेवा. तीन-चार जणींच्या ओळी एकाच बाजूला झुकलेल्या दिसल्या तर तुमचा स्वतःचा नमुना पुन्हा मोजा.

सुयांचा नंबर कसा लिहायचा?

मिलिमीटरमध्ये. आपल्याकडे आठ नंबरची सुई म्हणजे 4 मिलिमीटर, दहा नंबर म्हणजे सव्वातीन. अमेरिकन मोजणीत आठ नंबर म्हणजे 5 मिलिमीटर आणि दहा नंबर म्हणजे 6. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, तिकडे जाड होते. नुसतं ‘8 नंबर’ लिहिलंत तर न्यू जर्सीतली भाची आणि सदाशिव पेठेतली मावशी दोन वेगवेगळे स्वेटर विणतील.

सरळ सुयांवर विणायचं की गोल सुईवर, तेही लिहा. गोल सुई हातात न घेतलेल्या पुष्कळ जणी पुण्यात आहेत. त्यांना पुढचा भाग, पाठ, बाह्या वेगळ्या विणून शिवायची सवय आहे.

सगळ्यांनी एकच लोकर वापरायला हवी का?

तशी सक्ती नको. लोक पुढे हव्या त्या लोकरीत विणणारच आहेत, तर चाचणीतच कळू द्या. मात्र कोणती लोकर, किती जाड, शंभर ग्रॅमला किती मीटर, हे प्रत्येकीने कळवलं पाहिजे.

पुण्यात सहज मिळते ती बहुतांशी ॲक्रिलिक. ती धुऊन ताणली तरी वाळल्यावर बरीचशी मूळ आकारात जाते. खऱ्या लोकरीसारखं ओलं करून पिना टोचून हवं तसं माप काढता येत नाही. इस्त्रीची वाफ लागली तर ॲक्रिलिक कायमचं लुळं पडतं, रिबचा (कडेच्या ताणणाऱ्या पट्टीचा) ताण निघून जातो. टेस्टरला हे आधीच सांगा. सुपरवॉश मेरिनो (मशीनमध्ये धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेली मेंढीची लोकर) धुतल्यावर चांगलाच सैल होतो आणि सुती धागा स्वतःच्या वजनाने खाली ओढतो, चार वेळा घातला की टॉप लांब होतो. सुती कपड्याची मापं पहिल्या धुण्यानंतर एकदा आणि आठवडाभर घालून झाल्यावर पुन्हा एकदा मागवा.

लोकर किती लागेल ते कसं काढायचं?

वजनाने. टेस्टरने सुरुवातीला लोकर तोलायची, शेवटी उरलेली तोलायची. 100 ग्रॅमला 200 मीटर लोकर असेल आणि 430 ग्रॅम लागली असेल तर 860 मीटर. त्यावर साधारण दहा टक्के जास्त धरून छापा. ‘पाच गुंडे लागले’ हे उत्तर उपयोगाचं नाही, पाचव्यातला किती उरला ते कळत नाही. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा पुरतो.

मुदत किती द्यावी?

मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला आठ आठवडे तरी द्या. बारीक लोकर असेल तर दहा. आपल्याकडे दिनदर्शिका समोर ठेवूनच मुदत ठरवावी लागते. गणपती ते दिवाळी या काळात कोणाचाही हात सुईला लागत नाही, आणि मार्चमध्ये घरात दहावी-बारावी असते. हिवाळ्यात प्रसिद्ध करायचा पॅटर्न मी जूनच्या सुरुवातीला टेस्टरना देते, म्हणजे गणपतीच्या आधी स्वेटर हातात येतात. त्यात एकच अडचण आहे: जुलैतल्या पुण्याच्या हवेत जाड स्वेटर सपाट वाळायला तीन-चार दिवस घेतो आणि कुबट वास धरतो. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी नीट पिळून काढा आणि पंख्याखाली वाळत घाला.

मधे एक टप्पा ठेवा. योक किंवा पाठ पूर्ण झाल्यावर फोटो आणि टाक्यांची संख्या पाठवायची. चूक तिथे कळली तर अर्धा स्वेटर वाचतो.

टेस्टरना काय काय विचारावं?

‘कसा वाटला पॅटर्न?’ असं विचारलं की ‘छान’ असं उत्तर येतं. आपल्या बायका भिडस्त आहेत, समोरच्याच्या कष्टाला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. प्रश्नच असे हवेत की ‘छान’ म्हणून चालणार नाही.

मी विचारते: कोणत्या ओळीशी थांबून दुसऱ्यांदा वाचावं लागलं? कुठे उसवलंत? कुठे यूट्यूब उघडावं लागलं? टाक्यांची संख्या कुठे जुळली नाही? कुठे तुम्ही स्वतःच्या मनाने काही केलंत? यातल्या पहिल्या प्रश्नाला मी सर्वांत जास्त वजन देते. दोन वेगवेगळ्या जणी एकाच ओळीशी थांबल्या असतील तर ती ओळ चुकीची नसली तरी मी नव्याने लिहिते.

मग मापं. धुतल्यानंतर स्वेटर सपाट ठेवून छाती, लांबी, बाही, दंड, मुंढ्याची खोली. आणि शिंपी ज्याला लूजिंग म्हणतो ते, म्हणजे अंगाच्या मापापेक्षा कपडा किती मोठा आहे. 38 छातीच्या बाईने 42 चा स्वेटर घातला तर चार इंच लूजिंग. तुम्ही पॅटर्नमध्ये चार इंच सांगितलं असेल आणि टेस्टरने दोनच ठेवून ‘घट्ट होतोय’ म्हटलं, तर तिथे बदलायचं काही नाही.

फोटो पुढून, बाजूने, मागून, हात वर करून. हात वर केल्यावर स्वेटर किती उचलला जातो, यावरून मुंढा किती खोल आहे हे आकड्यांपेक्षा लवकर समजतं. फोटो दिवसाच्या उजेडात आणि माणसाच्या अंगावर हवेत. पुतळ्यावर घातलेला स्वेटर नेहमीच बरा दिसतो.

दोन टेस्टर अगदी उलट सांगत असतील तर?

आधी बघा की ती आवड आहे की बसण्याचा प्रश्न. ‘गळा अजून मोठा हवा होता’ ही आवड झाली. ‘गळ्यातून डोकं जाताना टाके ताणले’ हा दोष झाला. आवडीच्या सूचना ऐकून घ्या, पटल्या तर ‘गळा मोठा हवा असल्यास’ अशी एक ओळ पॅटर्नमध्ये घाला. तुम्ही जो स्वेटर मनात धरला होता तो प्रत्येकीच्या सांगण्यावरून बदलत गेलात तर शेवटी तो कोणाचाच राहत नाही.

मधेच चूक सापडली तर सगळ्यांना कसं कळवायचं?

ताबडतोब, एकाच वेळी, लेखी. प्रत्येक सुधारित प्रतीवर क्रमांक आणि तारीख घाला, फाइलच्या नावातही. काय बदललं ते पहिल्या पानावर: ‘पान 4, माप 5, बाही: 62 ऐवजी 64 टाके.’ ज्यांचा तो भाग होऊन गेलाय त्यांना फोन करून सांगा की उसवायचं की नाही. उसवायची वेळ तुमच्या चुकीमुळे आली असेल तर मुदत आपणहून वाढवा.

टेस्टरशी ग्रुपमध्ये बोलावं की एकेकीशी?

दोन्ही. अडचणी ग्रुपवर, कारण एकीचा प्रश्न पाच जणींना असतो. पण अंतिम उत्तरं एकेकीकडून वेगळी घ्या. ग्रुपवर पहिलीने ‘मस्त’ लिहिलं की पुढच्या सगळ्या तेच लिहितात.

टेस्टरना पैसे द्यावेत का?

रूढ पद्धत अशी की टेस्टरला अंतिम पॅटर्न विनामूल्य मिळतो, त्याबरोबर तुमचा आणखी एखादा पॅटर्न, आणि तिचं नाव शेवटच्या पानावर छापलं जातं. यावर विणणाऱ्यांमध्ये बरीच चर्चा झाली आहे आणि ती योग्यच आहे. एका स्वेटरमागे साठ-सत्तर तास जातात आणि हजार-दोन हजारांची लोकर सहज लागते. तुम्ही तो पॅटर्न विकणार आहात.

माझं मत स्पष्ट आहे. निदान लोकरीचा खर्च किंवा त्यातला वाटा द्यावा, आणि मोठ्या मापाच्या टेस्टरला जास्त द्यावा, कारण तिला लोकरही जास्त लागते आणि वेळही. ते जमत नसेल तर सुरुवातीलाच तसं सांगा, म्हणजे हो किंवा नाही म्हणायला तिला मोकळीक राहते. ‘घरबसल्या वेळ जातो ना त्यांचा’ हे वाक्य मी कोणाकडूनही ऐकून घेत नाही. बायकांच्या हातच्या कामाची किंमत आपण इतकी वर्षं अशीच शून्य धरत आलो आहोत.

टेस्टरने अर्ध्यात सोडलं तर?

कारण विचारा, रागवू नका. घरात आजारपण असतं, हाताचं दुखणं असतं. तिने जेवढं विणलं तेवढ्याचा अभिप्राय घ्या. अनेकदा पॅटर्न कंटाळवाणा किंवा गोंधळाचा झाला म्हणूनही सोडलेलं असतं, आणि ते कळणं फार उपयोगाचं. एकाच जागी दोघी थांबल्या असतील तर ती जागा पुन्हा लिहा.

पॅटर्न बाहेर फिरायला लागला तर?

आधीच एका पानाचा लेखी करार करा: प्रत पुढे पाठवायची नाही, प्रसिद्धीआधी फोटो टाकायचे की नाही, टेस्टरचे फोटो तुम्ही जाहिरातीला वापरायचे तर परवानगी हवी, चेहरा दाखवायचा की नाही हे तिने ठरवायचं. साध्या मराठीत लिहा, वकिली भाषा नको. प्रत्येक प्रतीवर टेस्टरचं नाव पाण्यासारखं फिकट छापा. व्हॉट्सॲपवर ‘माझ्या नणंदेला पाठवलं फक्त’ असं होतं ते बहुधा वाईट हेतूने नसतं, हे चालत नाही हेच कोणी सांगितलेलं नसतं.

इतकं करून प्रसिद्ध झाल्यावर चूक सापडली तर?

सापडेल. पंधरा हातांनी पाहिलेलं सोळाव्या हाताला दिसतं. दुरुस्ती तारखेसह जाहीर करा, सुधारित प्रत आधी घेतलेल्या सगळ्यांना विनामूल्य पाठवा आणि जिने कळवलं तिचे नाव घेऊन आभार माना, अर्थात तिची हरकत नसेल तर. छापील प्रती विकल्या असतील तर लोकरीच्या ज्या दुकानात त्या ठेवल्या होत्या तिथे दुरुस्तीची चिठ्ठी नेऊन द्या. उरलेल्या प्रतींना ती तुम्ही स्वतः बसून लावा, दुकानदारावर सोपवू नका.